प्रत्यारोपित हृदयाच्या धमन्या अरुंद का होतात? वृद्धिघटकांविषयी चर्चा

कोयनाकाठ (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या भावाचे हृदय-प्रत्यारोपण होऊन सहा वर्षे झाली. तो रोज सकाळी चार किलोमीटर चालतो, नोकरीवर जातो, तिसऱ्या मजल्यावरचे घर जिन्याने गाठतो आणि छातीत दुखल्याची तक्रार त्याने या सहा वर्षांत एकदाही केलेली नाही. तरीही गेल्या महिन्यात झालेल्या वार्षिक अँजिओग्राफीच्या अहवालात ‘सीएव्ही १’ असा शेरा आला, आणि मायकोफेनोलेट थांबवून एव्हरोलिमस (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे) सुरू करण्याविषयी पुढच्या भेटीत बोलू, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी आल्यावर आईने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, “हृदय तर पंचविशीतल्या मुलाचे मिळाले होते, आणि याने सहा वर्षांत तुपाची धार पानावर पडू दिली नाही. मग नळ्या बुजायला लागल्या कशा?”

मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु आईला पटेल असे उत्तर देता यावे म्हणून गेले तीन आठवडे वाचते आहे, आणि जे समजले ते येथे मांडते आहे. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

आईचा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. ते रुग्ण, लुई वॉशकान्स्की, १८ दिवसांनी न्युमोनियाने गेले. २ जानेवारी १९६८ रोजी दुसरे प्रत्यारोपण फिलिप ब्लेबर्ग यांच्यावर झाले. त्यांना मिळालेले हृदय २४ वर्षांच्या तरुणाचे होते. ब्लेबर्ग दीड वर्षाहून अधिक काळ जगले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शवविच्छेदनात त्या तरुण हृदयाच्या धमन्या एखाद्या वृद्ध रुग्णाच्या असाव्यात तशा रोगग्रस्त आढळल्या. इतक्या थोड्या काळात केवळ खाण्यापिण्याने असे होणे शक्य नव्हते. आज या विकाराला प्रत्यारोपित हृदयाचा धमनीविकार म्हणतात, आणि अहवालातील ‘सीएव्ही’ ही त्याच्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदणीनुसार पहिल्या वर्षाअखेर साधारण ८ टक्के, पाच वर्षांनी सुमारे ३० टक्के आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत तो दिसतो.

आपल्या ओळखीचा हृदयविकार आणि हा विकार यांत मोठा फरक आहे. नेहमीच्या विकारात धमनीच्या एका बाजूला चरबीचा थर साचतो, मधला बराच भाग निरोगी राहतो आणि अडथळा ठरावीक ठिकाणी असतो. प्रत्यारोपित हृदयात मात्र धमनीचे आतले अस्तर सर्व बाजूंनी सारखे जाड होत जाते, आणि तेही मुख्य धमनीपासून थेट बारीक शाखांपर्यंत, संपूर्ण लांबीभर. हे जाड झालेले अस्तर मुख्यतः पेशी आणि त्या पेशींनी विणलेले तंतू यांचे असते. चरबीही साचते, पण ती बहुधा उशिरा.

या पेशी येतात कुठून, हे समजले तेव्हा मला आईचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात गुळगुळीत स्नायूपेशी असतात. धमनीचे आकुंचन-प्रसरण सांभाळणे हे त्यांचे काम, आणि निरोगी अवस्थेत त्या जवळजवळ विभाजित होत नाहीत. त्यांच्या आत, रक्ताला लागून, अंतःस्तराच्या पेशींचा एकच नाजूक पदर असतो. तो शाबूत असेपर्यंत स्नायूपेशींना शांत ठेवणारे संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत राहतात. दात्याचे हृदय काढून, थंड करून, दुसऱ्या शरीरात जोडेपर्यंतच्या काही तासांत या पदराला पहिली इजा होते. त्यानंतर हृदय मिळालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती याच पदराला परका म्हणून ओळखते, कारण परक्या हृदयातल्या ज्या पेशींची रक्ताशी सर्वांत आधी गाठ पडते त्या याच. इजा झाली की तेथे प्लेटलेट चिकटतात, पांढऱ्या पेशी जमतात आणि वृद्धिघटक सोडले जातात.

वृद्धिघटक म्हणजे पेशींना ‘वाढा, विभाजित व्हा, जागा बदला’ असा संदेश देणारी प्रथिने. त्यांपैकी प्लेटलेटमधून मिळणारा वृद्धिघटक, म्हणजे पीडीजीएफ, या कथेत सर्वांत महत्त्वाचा आहे. सिएटल येथे रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की गोठलेल्या रक्तातून निघालेल्या द्रवात माकडाच्या धमनीतील स्नायूपेशी भराभर वाढतात, पण प्लेटलेट काढून टाकलेल्या रक्ताच्या द्रवात त्या फारशा वाढत नाहीत. वाढीचा संदेश प्लेटलेटच्या पोटात होता. पुढे अंतःस्तराच्या पेशी आणि बृहद्भक्षक पेशीही (मोठ्या भक्षक पांढऱ्या पेशी) हाच घटक तयार करतात असे दिसून आले. या संदेशामुळे मधल्या थरातील स्नायूपेशी आतल्या बाजूला सरकतात, संख्येने वाढतात, भोवती तंतू विणतात आणि रक्ताची वाट अरुंद करतात.

म्हणजे शरीर येथे जखम भरून काढत असते. ती जखम प्रतिकारशक्ती रोज थोडी थोडी उघडत राहते, म्हणून भरण्याचे काम थांबत नाही. मी आईला असे सांगितले: “भिंतीला पोपडा आला म्हणून गवंडी गिलावा करतो, पण पोपडा रोज येत राहिला आणि गवंडीही रोज गिलावा करत राहिला, तर शेवटी खोलीच लहान होईल.” तिला ते पटले. माझे मात्र तीन प्रश्न उरले आहेत. वृद्धिघटकच कारण असतील तर ते थेट अडवणारे औषध का देत नाहीत? एव्हरोलिमस नेमके कोठे काम करते? आणि ज्याला काहीच त्रास नाही, त्याचे नीट बसलेले औषध बदलण्याचा धोका पत्करावा का?

पेशीवाचक

ताई, मी विकृतिशास्त्रात काम केले आहे आणि अशा धमन्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. तुमचे वर्णन योग्य आहे. एका भिंगाच्या दृष्टिक्षेपात मावणारे ते वर्तुळ पाहिले की मधली मूळची पोकळी सुईच्या छिद्राएवढी उरलेली असते, आणि विशेष म्हणजे मधल्या थराची आतली लवचीक कड बहुतेक ठिकाणी अखंड असते. भिंत मोडलेली नसते. तिच्या आत दुसरी भिंत उभी राहिलेली असते.

एक दुरुस्ती मात्र आवश्यक वाटते. वृद्धिघटक हे या विकाराचे मूळ कारण नव्हेत. ते मधला दुवा आहेत. मूळ कारण प्रतिकारशक्तीचे आहे: टी-पेशी (परक्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी), त्यांनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन, आणि दात्याच्या पेशींविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे. त्याचा पुरावा त्याच शरीरात असतो. रुग्णाच्या स्वतःच्या पायांतल्या किंवा मानेतल्या धमन्यांत असा प्रकार होत नाही; तो दात्याकडून आलेल्या धमन्यांतच होतो. मात्र प्रतिकारशक्तीशी संबंध नसलेल्या गोष्टी या आगीत तेल ओततात: दात्याचे वय, मेंदूमृत्यूच्या वेळी दात्याच्या शरीरात उसळणारे ताण-संप्रेरकांचे वादळ, थंड अवस्थेत गेलेले तास, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग. या विषाणूचा संबंध स्टॅनफर्डच्या गटाने १९८९ मध्येच दाखवला होता.

वृद्धिघटकही एकटा पीडीजीएफ नव्हे. तंतुपेशींचा वृद्धिघटक, इन्सुलिनसदृश वृद्धिघटक, रूपांतरकारी वृद्धिघटक बीटा आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचा वृद्धिघटक, म्हणजे व्हीईजीएफ, हे सर्व तेथे असतात, आणि त्यांतील काही दुधारी आहेत. रूपांतरकारी वृद्धिघटक बीटा एका बाजूने प्रतिकारशक्तीला आवर घालतो आणि दुसऱ्या बाजूने तंतू वाढवून हृदय कडक करतो. व्हीईजीएफचे तर अधिकच गुंतागुंतीचे आहे. अंतःस्तर भरून येण्यासाठी तो लागतो, म्हणून त्याच्याकडून चांगल्याची अपेक्षा करणे स्वाभाविक होते. पण हेलसिंकी येथील कार्ल लेमस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या प्रत्यारोपित हृदयांत तो वाढवून पाहिला तेव्हा धमनीविकार वाढला, कारण तो रक्तवाहिनी झिरपती करतो आणि भक्षक पेशींना आत बोलावतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच प्रयोगशाळेच्या कामात आहे. पीडीजीएफचा संदेश पेशीवरच्या ज्या ग्राहीवर, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर, उतरतो तो ग्राही बंद करणारी द्रव्ये त्यांनी १९९९ पासून अशा प्राण्यांत वापरली, आणि धमनीविकार स्पष्टपणे कमी झाला. त्यांतले एक द्रव्य म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी आपल्याकडे सर्वांना माहीत असलेले इमॅटिनिब. तरीही हृदय-प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या नित्य उपचारात ते आले नाही. माझ्या मते यातली मुख्य अडचण अशी की संदेश देणारे अनेक आहेत. एकाचे तोंड बंद केले तरी दुसरा तोच निरोप पोहोचवतो. म्हणून निरोप आणणाऱ्यांना अडवण्याऐवजी ज्या चावडीवर सगळे निरोप येऊन पोहोचतात ती चावडी बंद करणे अधिक उपयोगाचे ठरले.

माळरान

चर्चा फार उपयुक्त आहे. एक शंका विचारतो. केस गळतीसाठी स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट डोक्याच्या त्वचेत टोचण्याचा उपचार हल्ली अनेक ठिकाणी होतो, आणि त्यात वृद्धिघटक असतात असे सांगितले जाते. हे तेच वृद्धिघटक आहेत का? असतील, तर एकीकडे ज्याचे पैसे देऊन घेतो तेच दुसरीकडे धमनी बंद करते, हे कसे?

पेशीवाचक

होय, तोच पीडीजीएफ त्यात असतो. मधुमेही रुग्णांच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमांसाठी तर प्रयोगशाळेत तयार केलेला पीडीजीएफ मलमाच्या रूपात १९९७ पासून वापरात आहे. उघड्या जखमेत पेशींनी येऊन वाढावे आणि तंतू विणून जागा भरावी, अशीच आपली इच्छा असते. धमनीत मात्र जागा मोकळी राहिली तरच ती धमनी. रेणू तोच, काम तेच. जागा बदलली की परिणाम बदलतो. तुमच्या केसांच्या उपचाराने हृदयाच्या धमन्या अरुंद होतात असा अर्थ कृपया काढू नये, कारण धमनीत हा संदेश तेथेच, इजा झालेल्या जागी, वर्षानुवर्षे दिला जात असतो.

दुसरी_पहाट

मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी हृदय मिळालेला माणूस आहे, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. भावाला काही त्रास होत नाही यावर कृपया विसंबू नका. आपले जुने हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटाही तुटतात. पुढे काहींमध्ये थोडेफार तंतू पुन्हा वाढतात, पण पूर्वीसारखी जोडणी होत नाही. म्हणून रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत कळ येईलच असे नाही. विश्रांतीतही माझी नाडी नव्वदच्या पुढे असते आणि जिना चढायला लागलो की ती लगेच वाढत नाही, उशिरा वाढते, ती याच कारणामुळे. अशा रुग्णात पहिली खूण धाप, पायांवर सूज, अनियमित ठोके यांपैकी काहीही असू शकते, आणि कधीकधी कोणतीच खूण न दिसता प्राण जातो. माझ्या बरोबरच प्रतीक्षायादीत असलेले एक गृहस्थ चौथ्या वर्षी अँजिओग्राफी टाळत राहिले, कारण त्यांना बरे वाटत होते. त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक लिहिणे मला जमत नाही.

एव्हरोलिमसवर मी चार वर्षे आहे. सुरुवातीचे दोन महिने तोंडात इतके फोड आले की भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागली. मग मात्रा थोडी कमी केल्यावर ते थांबले. पायांवर थोडी सूज असते. कोलेस्टेरॉल वाढले, त्यासाठी स्टॅटिनची मात्रा वाढवली. गेल्या वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी हे औषध काही आठवडे बंद ठेवून दुसरे द्यावे लागले, कारण या औषधावर असताना टाके लवकर भरत नाहीत. जे औषध धमनीतले ‘भरणे’ थांबवते ते पोटावरचे भरणेही थांबवते, हे मला तेव्हा डॉक्टरांनी समजावले, आणि आज या धाग्यावर त्यामागचे कारण नीट कळले.

हृत्स्पंद

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करतो. ताईंच्या भावाची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, म्हणून निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. मी फक्त त्यामागचा विचार सांगतो.

पेशीवाचक यांनी चावडी म्हटले ती म्हणजे पेशीतील एमटॉर नावाचे प्रथिन. बाहेरून पीडीजीएफ आला, तंतुपेशींचा वृद्धिघटक आला किंवा टी-पेशीला वाढायला सांगणारे इंटरल्यूकिन आले, तरी पेशीने विभाजनाची तयारी सुरू करण्याआधी हे निरोप एमटॉरपाशी येतात. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस तेथे अडथळा घालतात, आणि पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावरच थांबते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधे टी-पेशीला जागे होऊ देत नाहीत, परंतु स्नायूपेशीपर्यंत आलेला वाढीचा संदेश ती अडवत नाहीत. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आल्यावर पहिल्या वर्षातले मृत्यू खूप कमी झाले, पण धमनीविकाराचा प्रश्न तसाच राहिला, त्याचे हे एक कारण आहे.

पुराव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे उत्साहाच्या भरात अर्धेच सांगितले जाते. २००३ मध्ये हॉवर्ड आयझेन आणि सहकाऱ्यांचा नव्याने हृदय मिळालेल्या ६३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धमनीच्या आत ध्वनिलहरींची बारीक नळी घालून अस्तराची जाडी मोजली, तेव्हा एका वर्षाने अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे जुने औषध घेणाऱ्यांपैकी ५२.८ टक्के रुग्णांत धमनीविकार आढळला, तर एव्हरोलिमसच्या दोन मात्रांच्या गटांत तो ३५.७ आणि ३०.४ टक्के होता. सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्गही कमी होता. परंतु पूर्ण मात्रेतील सायक्लोस्पोरिनबरोबर एव्हरोलिमस दिल्याने मूत्रपिंडाचे काम बिघडले. पुढच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, जास्त मात्रेचा गट मृत्यू वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. म्हणून आज हे औषध कमी मात्रेत, रक्तातील पातळी साधारणपणे ३ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवून आणि सोबतच्या टॅक्रोलिमसची मात्रा उतरवून देतात, आणि शस्त्रक्रियेची जखम ताजी असताना ते सुरू करण्याची घाई अनेक केंद्रे करत नाहीत. स्कँडिनेव्हियातील ११५ रुग्णांच्या अभ्यासात सायक्लोस्पोरिन काही आठवड्यांत पूर्ण बंद करून एव्हरोलिमस दिले. तेथे मूत्रपिंड सुधारले, धमनीविकार कमी झाला, पण पहिल्या वर्षात नकाराचे, म्हणजे शरीराने परके हृदय नाकारण्याचे (रिजेक्शनचे), प्रसंग अधिक झाले. हा सौदा प्रत्येक रुग्णासाठी वेगळा असतो.

एक मुद्दा ताईंच्या भावासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ही औषधे अस्तराची वाढ रोखतात, पण जुने, तंतुमय आणि चरबी साचलेले जाड अस्तर ती विरघळवत नाहीत. मेयो क्लिनिकच्या रुग्णांत सिरोलिमसकडे बदल पहिल्या दोन वर्षांत झाला तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. उशिरा झाला तेव्हा कमी. सहा वर्षांनी बदल करणे निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. ‘सीएव्ही १’ म्हणजे सौम्य अवस्था; डाव्या मुख्य धमनीत ५० टक्क्यांपेक्षा आणि इतर प्रमुख धमन्यांत ७० टक्क्यांपेक्षा कमी अडथळा, आणि हृदयाचे कार्य चांगले. रोखण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते. मात्र अँजिओग्राफी ही पोकळीची छाया असते. सर्व बाजूंनी सारखे जाड झालेले अस्तर तिच्यात निसटते. शक्य असल्यास आतली ध्वनिलहरी तपासणी, म्हणजे आयव्हस, करून घेण्याविषयी विचारावे. पहिल्या वर्षात अस्तराची कमाल जाडी ०.५ मिलिमीटर किंवा अधिक वाढणे ही पुढच्या धोक्याची सूचना मानतात. भावाची पहिल्या वर्षाची मोजणी कागदपत्रांत असेल तर ती शोधा. तुलना करायला तिचा मोठा उपयोग होईल.

आणि स्टॅटिनला दुय्यम समजू नये. १९९५ मध्ये लॉस अँजेलिसच्या जॉन कोबाशिगावा यांनी ९७ रुग्णांत प्राव्हास्टॅटिन देऊन पाहिले, तेव्हा एका वर्षाने जगणाऱ्यांचे प्रमाण ९४ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत ७८ टक्के. केवळ कोलेस्टेरॉल उतरल्याने एवढा फरक पडणार नाही.

माळरान

अडथळा असेल तर स्टेंट का बसवत नाहीत?

हृत्स्पंद

एखाद्या ठिकाणी ठळक अडथळा असेल तर बसवतात. परंतु संपूर्ण लांबीभर अरुंद झालेल्या आणि बारीक शाखांत पसरलेल्या विकाराला स्टेंट पुरा पडत नाही, आणि बसवलेल्या जागी पुन्हा अस्तर वाढण्याचे प्रमाणही नेहमीच्या रुग्णांपेक्षा जास्त असते. बायपाससाठी पुढे जोड देण्याजोगी निरोगी धमनी उरावी लागते. ती येथे बहुधा नसते. फार पुढच्या अवस्थेत पुन्हा प्रत्यारोपण एवढाच खरा उपाय उरतो, आणि दात्यांची संख्या पाहता तो फार थोड्यांना मिळतो. म्हणूनच पहिल्या हृदयाच्या धमन्या जपण्यासाठी आम्ही इतका आग्रह धरतो.

पेशीवाचक

यात एक पुरवणी जोडतो, कारण रुग्णांचा येथे गैरसमज होतो. ‘बायॉप्सी चांगली आली’ म्हणजे धमन्या चांगल्या आहेत असे नाही. बायॉप्सीत उजव्या कप्प्याच्या आतल्या बाजूने ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडे घेतात. त्यांत स्नायू आणि केशवाहिन्या येतात, मोठ्या धमन्या येत नाहीत. त्यातून नकार कळतो, हा विकार नव्हे.

आणखी एक आठवण नोंदवावीशी वाटते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे बर्नार्ड यांच्यानंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातले पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. १९६८ मध्ये प्रश्न पहिले दिवस निभावण्याचा होता. आज आपल्या मुलुखातल्या एका कुटुंबात सहाव्या वर्षीच्या धमन्यांची चर्चा चालली आहे, हे त्या पिढीच्या शल्यचिकित्सकांना पाहता आले असते तर फार बरे झाले असते.

दूरदेशी

मी औषधनिर्मितीच्या क्षेत्रात कॅनडात काम करते. सिरोलिमसची कथा येथे सांगितली पाहिजे. १९६४ मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेली होती. तेथील लोक त्या बेटाला रापा नुई म्हणतात. मोहिमेने आणलेल्या मातीच्या नमुन्यांतील एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले, बेटावरून त्याला रॅपामायसिन (सिरोलिमसचेच मूळ नाव) नाव दिले आणि १९७५ मध्ये त्याविषयी लिहिले. सेहगल यांचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात झाले होते. हे द्रव्य त्यांना बुरशीविरुद्ध हवे होते. ते प्रतिकारशक्ती दाबते हा त्या वेळी दोष वाटला. १९८० च्या दशकात ती प्रयोगशाळा बंद झाली आणि हे काम सोडून देण्यात आले, तेव्हा सेहगल यांनी त्या जिवाणूंचा नमुना घरी नेऊन शीतकपाटात जपून ठेवला आणि काही वर्षांनी व्यवस्थापन बदलल्यावर काम पुन्हा सुरू करायला लावले. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. एव्हरोलिमस हे त्याच रेणूत थोडा बदल करून तयार झालेले आहे. ताईंच्या भावाला जी गोळी मिळेल तिच्यामागे एका माणसाची ही चिकाटी आहे, हे आईंना अवश्य सांगावे.

कोयनाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल भेट झाली, म्हणून पुढचे लिहिते. हृत्स्पंद यांनी सुचवल्याप्रमाणे जुन्या फायली काढल्या, आणि पहिल्या वर्षीची ध्वनिलहरी तपासणी खरोखरच सापडली. पुढच्या महिन्यात पुन्हा तशीच तपासणी करून तुलना करायची असे डॉक्टरांनी मान्य केले. मूत्रात प्रथिने जात नाहीत याची खात्री झाली. एक दाढ काढायची राहिली होती, ती आधी काढून, जखम पूर्ण भरल्यावर एव्हरोलिमस सुरू करायचे ठरले. दुसरी_पहाट यांनी टाक्यांविषयी लिहिले नसते तर दाढेचा विषय मी डॉक्टरांसमोर काढलाच नसता. टॅक्रोलिमसची मात्रा कमी होईल, आणि दोन्ही औषधांच्या पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे आहे.

भावाने स्वतः एकच प्रश्न विचारला: नवे औषध किती वर्षे घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, धमन्या तुमच्या आहेत तोवर. तो हसून “हरकत नाही” म्हणाला.

दुसरी_पहाट

फार बरे वाटले. एक गोष्ट राहिली, ती आत्ताच सांगतो, कारण गणपती जवळ आले आहेत. पपनस आणि त्याच्या जातीचे ग्रेपफ्रूट ही फळे टॅक्रोलिमस आणि एव्हरोलिमस या दोन्हींची रक्तातील पातळी वाढवू शकतात, कारण आतड्यात आणि यकृतात ही औषधे मोडणाऱ्या विकराला ती अडवतात. आमच्या कोकणातल्या घरी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या चौकटीला, पपनस बांधल्याशिवाय गणपती बसत नाही. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितले नव्हते. विसर्जनानंतर सर्वांबरोबर मीही फोडी खाल्ल्या, आणि पुढच्या तपासणीत पातळी इतकी चढलेली निघाली की हात थरथरत होते त्याचे कारण तेव्हा कळले. आता पपनस माटोळीला बांधले जाते, पण उतरवल्यावर माझी आई ते शेजारी देऊन टाकते.

कोयनाकाठ (धागाकर्ती)

आमच्या परसात पपनसाचे झाड आहे. आईला आजच सांगते.